गोठ्यासमोरचा फोटो

"मावशी, चप्पल काढा."

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या क्लासचे सर मंचरहून फोटो काढायला येणार म्हणून तिने त्या दिवशी ठेवणीतली चप्पल घातली होती. निळ्या पट्ट्यांची. लग्नाकार्यालाच बाहेर निघणारी. सरांनी कॅमेरा खाली केला आणि मला म्हणाले, "सांग ना त्यांना. चपलेने सगळा इफेक्ट जातो."

मी म्हणाले, "आई, काढ ना."

हे माझ्याच तोंडून निघालं. सरांची किळस येते ती वेगळी. या तीन शब्दांची अजून येते.

आईने चप्पल काढली, बाजूला नीट जोडीने ठेवली आणि शेणात अनवाणी उभी राहिली. मागे आमचा गोठा. कारवीच्या काड्यांचा कूड, वर पेंढा. घर तिथून वीस पावलांवर होतं. विटांच्या भिंती, मंगलोरी कौलं, दारावर विजेचा मीटर. सरांनी घर आधी बघितलं होतं. दोन्ही खोल्यांत डोकावले आणि म्हणाले, "हे नको. हे कुणाचंही असू शकतं."

मग गोठ्याकडे बोट केलं. "हे मस्त आहे."

चहा मात्र ते घरातच प्यायले.

सर गेल्यावर आई म्हणाली, "आदी सांगितलं असतं तर शेण तरी काढून ठिवलं असतं. काय म्हणतील पुण्याची मान्सं?" तिला वाटलं, चूक तिची झाली.

ही दोन हजार सातच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मी बी. कॉम. झाले होते आणि मंचरला सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जायचे. तिथे जाहिरात बघितली. पुण्याच्या एका संस्थेत गेम डिझाइनचा सहा महिन्यांचा कोर्स, नवख्यांसाठी. फी आमच्या आवाक्याबाहेरची, पण एक जागा फी माफीची. त्यासाठी पोर्टफोलिओ द्यायचा होता. दहा चित्रं, स्वतः तयार केलेला एक खेळ, आणि 'माझ्याविषयी' म्हणून एक पान.

खेळ माझ्याकडे होता. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आखलेला, सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं. आपल्या गावाहून निघायचं, घोडेगावला कचेरीत जायचं, उत्पन्नाचा दाखला घेऊन दिवस मावळायच्या आत परत यायचं. फासा टाकायचा. एक किंवा दोन पडलं तर एस. टी. आलीच नाही, पाळी फुकट. हे आकडे मी मनाने घातले नव्हते. साठ दिवस सकाळची गाडी वहीत लिहिली होती. एकोणीस दिवस ती आली नाही. तिसरा हिस्सा वीस होतो, एकाचा फरक. म्हणून सहातले दोन. मग खेळ चव्वेचाळीस वेळा खेळून बघितला, आई आणि धाकट्या बहिणीबरोबर. प्रत्येक डाव वहीत आहे. गाडी सारखी हुकली की आई जिंकायची. कारण ती गाडीची वाट बघायचीच नाही. फासा हातातच घ्यायची नाही. प्रत्येक पाळीला एक घर, असं मुकाट चालायला लागायची.

सरांनी वही चाळली. "एस. टी. ची वाट बघायचा गेम? अगं, तिथे बसलेले लोक झोपतील. तुम्ही आदिवासी ना? मग धनुष्यबाण टाक, शिकार टाक. वारली चित्रं काढ."

"आम्ही वारली नाही, सर."

"त्यांना कुठे कळतंय!"

आमच्या घरात मी कधी धनुष्य बघितलं नाही. भात आणि नाचणी, एवढंच आमचं. तरी मी काढलं. चार पानं वारली चित्रं, पुस्तकात बघून. 'माझ्याविषयी'चं पान सरांनीच टाइप केलं. वर आईचा फोटो, खाली 'माझं घर'. त्याखाली, 'आमच्या झोपडीत आजही वीज नाही.' शेवटी, 'वरील माहिती खरी आहे.' आणि माझी सही.

सही करताना हात थांबला होता. सर म्हणाले, "फी माफी पाहिजे ना?"

पाहिजे होती.

मुलाखतीला पुण्यात टेबलामागे दोघं होते, एक मॅडम आणि एक गृहस्थ. मॅडमनी फाइल उघडली ती थेट फोटोवर.

"ओह! किती ऑथेंटिक! हे बघा ना, हे पाय!"

त्यांनी फाइल सरकवली. गृहस्थ माझ्या आईचे पाय बघू लागले. शेणाने माखलेले. चष्मा वर करून, जवळून.

  

"हे तुझं घर?" मॅडमनी विचारलं.

"नाही. गोठा आहे."

"पण इथे लिहिलंय..."

"खोटं आहे. घरात वीज आहे. वारली चित्रंही माझी नाहीत, नक्कल आहेत. सही माझी आहे."

गृहस्थ हसले. "मग तुझं असं काय आहे?"

मी पिशवीतून कॅलेंडर काढलं, टेबलावर पसरलं, वही शेजारी ठेवली. फासा त्यांच्या हातात दिला. त्यांनी टाकला. एक. परत टाकला. दोन. तिसऱ्यांदा परत एक.

"हे काय? यात खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही!"

"आहे. नियम चौथा. चालत जायचं."

त्यांनी घरं मोजली. "अठरा? एवढं कोण चालेल?"

"या फोटोतली बाई," मी म्हणाले. "तिला चप्पल आहे. आम्ही काढायला लावली."

गृहस्थांनी फासा खाली ठेवला. मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हुशार आहेस गं. गेमही चांगला आहे. पण फोटो राहू दे फाइलमध्ये. कमिटीला त्यावरच पटेल."

म्हणजे खेळ त्यांना कळला होता. तरी त्यांना माझ्या आईचे पायच हवे होते.

"नको," मी म्हणाले. फोटो उचकटून काढला. 'वीज नाही'वर रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. वारलीची चारही पानं काढून घेतली. राहिलेली फाइल टेबलावर ठेवली.

यादीत माझं नाव आलं नाही. सर म्हणाले, "हातची सीट घालवलीस. बस आता गावात." त्यांच्या क्लासला मी परत गेले नाही. गेम डिझाइनही शिकायचं राहिलं ते राहिलंच. याचं वाईट वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. वाटतं.

आज मी घोडेगावात संसार करते, गणिताच्या शिकवण्या घेते. डोंगरातली मुलं-मुली कोर्सचे, वसतिगृहाचे फॉर्म भरायला माझ्याकडे येतात. 'स्वतःविषयी लिहा' असा रकाना आला की विचारतात, "ताई, जरा गरीब लिहू का?"

मी लिहू देत नाही. वीज असेल तर वीज आहे. घराला घर, गोठ्याला गोठा. गाडी येत नसेल तर किती दिवस आली नाही ते मोजायचं आणि तो आकडा लिहायचा. आमच्या अडचणी आम्ही मोजून सांगू. त्या बघायला आमच्या माणसांचे पाय उघडे करणार नाही. जागा जात असेल तर जाऊ दे.

तो फोटो मी ठेवलेला नाही. वही आहे. आई आहे. आणि तिचा फोटो काढायला परत कुणी आलं, तर ती घरासमोर उभी राहील. चप्पल घालून. नाहीतर फोटो नाही.