हेर केलरनी दाखवलेला रस्ता

अमावस्येला मुद्दाम नखं कापणारा माणूस मी. असले अनुभव कुणी लिहिले की खाली खवचट कमेंट टाकणारा. आज मीच लिहायला बसलोय, तर हसा खुशाल... फक्त पूर्ण वाचा.

नोव्हेंबर २०१४. जर्मनीत गेर्लिंगेनला आम्ही हेर केलर, म्हणजे आपल्या भाषेत केलरसाहेब, यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. सत्तरीचे गृहस्थ, रीतसर परवाना असलेले शिकारी. मला शिकारीत काडीचा रस नव्हता, पण त्यांची जुनी पिकअप जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर हाकायला मिळायची, म्हणून दर सीझनला मी त्यांचा ड्रायव्हर. मेघा, माझी बायको, वैतागायची. "घरात अंडं चालत नाही तुला, आणि रानडुकरं वाहायला जातोस!"

त्या शनिवारी श्वेबिश आल्बच्या डोंगरात दहा-बारा जणांची शिकार होती, दिवसाढवळ्या. सकाळी हेर केलरना त्यांच्या मचाणापाशी सोडायचं आणि शिकार संपल्याचा हॉर्न वाजला की आणायला जायचं, एवढंच माझं काम. गाडी येईपर्यंत कुणी मचाणावरून उतरायचं नाही, चुकून गोळी लागू नये म्हणून. हेर केलर याबाबतीत भलतेच कडक. चार वर्षांत एकदाही खाली उतरलेले दिसले नाहीत.

एक वाजता हॉर्न वाजला. मी निघालो. मचाणाच्या अर्धा किलोमीटर अलीकडे रस्त्याला फाटा आहे, तिथे हेर केलर उभे! नारिंगी जॅकेट, हातात बंदूक नाही. मी काच खाली करून म्हटलं, "बसा ना." त्यांनी हात लांब करून डावीकडचा रस्ता दाखवला. वाटलं, तिकडे डुक्कर पडलं असेल, उचलायचं असेल. मोठ्या माणसाने सांगितलं की उलट विचारायचं नाही, ही आपली सवय... वळलो. हे खाली उतरलेच कसे, हा प्रश्न तेव्हा डोक्यातच आला नाही.

रस्ता कसला, नुसता राडा. मागचं चाक रुतलं. खाली फांद्या-दगड टाकून गाडी काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. डुक्कर नाही, माणूस नाही. चिडून परत आलो. फाट्यावर कुणी नव्हतं, म्हणून मचाणाकडे गेलो.

ते शिडीखाली पडले होते. वरची पायरी मोडली होती. अंग अजून कोमट होतं. मी खूप हाका मारल्या.

डॉक्टर म्हणाले, मांडीचं हाड मोडलंय, रक्त आतल्या आत गेलं. "अर्ध्या तासापूर्वी कुणी पोचलं असतं, तर..."

तसल्या पायाने ते फाट्यापर्यंत आले कसे? पोलिसांना घेऊन मी तिथे गेलो. सकाळच्या भुरभुरीत बर्फावर माझ्या टायरचे ठसे होते. पावलं नव्हती.

संध्याकाळी त्यांच्या बायकोने, फ्राऊ केलरनी, विचारलं, "उशीर का झाला तुला?"

"गाडी रुतली."

"तो रस्ता आहेच वाईट," म्हणाल्या, आणि माझा हात धरून रडल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मेघा म्हणते, धुकं होतं, तुला भास झाला. धुकं नव्हतं हो! ते हेर केलरच असतील, तर मला स्वतःपासून लांब का पाठवलं? आणि नसतील, तर कोण होतं? इतक्या वर्षांत उत्तर मिळालेलं नाही.

आता आम्ही पुण्यात असतो. दर नाताळला फ्राऊ केलर घरी केलेली बिस्किटं पाठवतात. सोबत कार्ड असतं, त्यात दरवर्षी तेच वाक्य — "शेवटी तू तरी त्याच्याजवळ पोचलास, याचं समाधान आहे."

मी अजून त्यांना काहीही सांगितलेलं नाही.