त्रेसष्ट खोकी आणि माझं टेबल

शाळेत मी फारशी बोलत नाही. पण मधल्या सुट्टीत रिया म्हणते, "कमिटीने काल काय केलं, सांग ना गं!" आणि मी सुरू होते. हे किस्से मला शोधावे लागत नाहीत. ते दर रविवारी सकाळी आमच्या दाराबाहेर चपला काढून आत येऊन बसतात.

बाबा आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीच्या ऑफिसच्या छताचं प्लास्टर पडायला लागलं, तेव्हा सगळं रेकॉर्ड 'तात्पुरतं' आमच्या घरी आलं. त्रेसष्ट खोकी! माझ्या सात बाय आठच्या खोलीत ती मावली, माझं अभ्यासाचं टेबल मात्र मावलं नाही. टेबल गॅलरीत गेलं आणि मी स्वयंपाकघरात. वर्ष दहावीचं आणि शेजारी मिक्सर! "रॅक आला की टेबल आत," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून मी रॅकची वाट बघते आहे.

*

चेअरमन सावंतकाकांनी स्वतः माप घेतलं. खोकी न हलवता! कागदावर लिहिलं, तीन बाय दोन.

"अहो, खोली मोठी आहे," आई म्हणाली.

"वहिनी, भरलेल्या जागेत रॅक कसो बसतलो? मोकळ्या जागेचाच माप घेवक होया!"

त्या मापाचा रॅक आला. त्यात चार खोकी बसली. काका खूश. "सुरुवात तर झाली!"

आता त्यात आमचे कांदे-बटाटे असतात.

*

दुसरा रॅक चांगला मोठा सांगितला. दुकानदार म्हणाला, नटबोल्टचा घ्या, वर नेऊन जोडतो. पण खजिनदार शाहकाका ऐकेनात. "नटबोल्ट ढिले पडतात. खालीच वेल्डिंग करून आण, एकदम फिट!"

रॅक एकदम फिट बसला. दुसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर! ना वर, ना खाली. आमच्याकडे लिफ्ट नाही. तीन आठवडे सगळे त्याच्या कडेने अंग चोरून चढत होते. शेवटी तो कापायला माणूस बोलावला, तर दुसऱ्या मजल्यावाल्यांनी लेखी हरकत घेतली, "आमची चपला ठेवण्याची सोय काढून घेऊ नये."

*

मग रुळांवर सरकणाऱ्या रॅकचा सेल्समन आला. चाक फिरवलं की कपाटं बाजूला होतात, मधली जागा वाचते. मला तर झकास वाटलं. मी मनातल्या मनात टेबल खिडकीपाशी ठेवूनसुद्धा टाकलं.

तेवढ्यात आमच्या खालच्या जोशीकाकू वर आल्या.

"एवढं लोखंड आणि वर एवढे कागद? माझ्या डोक्यावर? हे बघा, तुमचा इतिहास माझ्या पंख्यावर पडला, तर बघून घेईन!"

सेल्समन कॅटलॉग तिथेच ठेवून पाणी न पिताच गेला.

*

प्रिलिममध्ये गणिताची वाट लागली. आई बाबांना म्हणाली, "पोरीला कमिटीपुढे बोलू दे." मी दोन दिवस एक वाक्य पाठ केलं, 'मला टेबलापुरती दोन फूट जागा हवी आहे.'

रविवारी सगळे जमले. सावंतकाका प्रेमाने म्हणाले, "बोल बाळा, काय म्हणायचंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "चहा आणू?"

*

बोर्डाच्या परीक्षेला महिना उरला, तेव्हा एकदाचा रॅक आला. भिंतीला धरून, छतापर्यंत, नटबोल्टचा. त्रेसष्टच्या त्रेसष्ट खोकी बसली आणि खिडकीशेजारी बरोबर दोन फूट भिंत रिकामी राहिली! बाबांनी आणि मी टेबल आत आणलं. मी ते दोनदा पुसलं. वही उघडली. बाहेरच्या जांभळाच्या झाडावर बुलबुल होते, हे मला इतक्या महिन्यांनी दिसलं.

रविवारी बेल वाजली. सावंतकाका आणि शाहकाका दारात उभे. दोघांच्या हातात मिळून तीन नवी खोकी.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"रॅकचा रेकॉर्ड," शाहकाका म्हणाले. "सगळी कोटेशन्स, कॅटलॉग, मीटिंगची मिनिट्स. चपलावाल्यांची हरकत पण आहे. फेकता येत नाय ना, ऑडिटला लागेल."

बाबांनी माझं स्केचपेन घेतलं आणि खोक्यांवर नंबर घातले. चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट.

मी वही मिटली.

सावंतकाकांनी खिडकीशेजारची भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं झालं बाळा, तू जागा धरून ठेवलीस!"