वैनीचा खांदा

हुमनाबादच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून मी एक खोली भाड्यानं घेतली आणि दारावर पाटी लावली. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत : मसाज, शेक, माती-उपचार. फक्त बायकांसाठी. ‘फक्त’ हा शब्द मी रंगाऱ्याला मुद्दाम लाल रंगात काढायला लावला होता. सुरुवातीला बायका आल्याच नाहीत. पुरुष आले.

एकजण इस्त्रीचा शर्ट घालून आला. चपला दाराबाहेर नीट काढल्या आणि आवाज खाली आणून म्हणाला, “अंदर कौन-कौन है?”

“मी हाय. पाटी वाचता येत न्हाई का?”

“वाचूनच आलो की, बाई,” असं म्हणून तो हसला.

माझ्या हातात शेकायच्या पाण्याचं पातेलं होतं. ते मी त्याच्या पायाशी ओतलं. पायावर ओतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

गिरणीचा मालक म्हातारा, सज्जन माणूस. तो संध्याकाळी येऊन म्हणाला, “अक्का, तेवढा ‘मसाज’ शब्द काढा. मालिश लिहा, आयुर्वेद लिहा. लोक भलता अर्थ घ्यायलेत.”

“अर्थ लोकांचा भलता, तर शब्द मी कामून बदलू, अप्पा?”

माझ्याकडं राग होता, आणि तो त्या दिवसाचा नव्हता.

कोहिनूर नावाच्या खेड्याच्या बाजूला आमचं गाव. आमच्या घरात संध्याकाळी जेवणं झाली की बायका पुरुषांचे पाय चेपायच्या. आई वडिलांचे, काकू काकांचे. मी जरा मोठी झाल्यावर अण्णाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे. दिवसभर सोयाबीन खुरपून आलेल्या बाईनं दिवसभर पारावर बसलेल्या माणसाच्या पोटऱ्या दाबायच्या, हे आम्हाला कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. बाईच्या अंगाला तेल लागायचं ते बाळंतपणात. अंग चोळणारी यायची, बाळाला चोळायची, बाळंतिणीला चोळायची, विस्तवाचा शेक द्यायची. त्या बाईचं येणं थांबलं की संपलं. पुढं सगळा जन्म कंबर धरून काढायचा. आईची कंबर शेवटी इतकी वाकली की ती चुलीपासून दारापर्यंत भिंतीला हात लावत जायची. तिला कुणी चोळलं नाही. तिनं कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगून होणार काय होतं?

लग्नानंतर आम्ही हैदराबादला गेलो. तिथं एका निसर्गोपचार केंद्रात मला फरशी पुसायचं काम लागलं आणि पुढं तिथंच मी मसाज शिकले. पाठीचा कोणता भाग अंगठ्यानं दाबायचा, कोणता तळहातानं, कुठं हात लावायचाच नाही, कुणाला आधी डॉक्टरकडं पाठवायचं. बरीच वर्षं केलं. नवरा वारला आणि मी परत आले.

तर हळूहळू बायका यायला लागल्या. पहिली आली ती हायवेवरच्या धाब्यावर भाकऱ्या थापणारी, कन्नड बोलणारी. तिचा मनगटापासून मानेपर्यंतचा सगळा उजवा भाग लाकडासारखा झाला होता. गरम फडक्यानं शेकून, करडईचं तेल लावून मी मानेच्या बुंध्याशी अंगठा टेकवला तर ती एकदम ओरडली. मी हात काढला. “काढू नका अक्का,” ती मोडक्या मराठीत म्हणाली. “तितंच. तितंच हाय ते.” पुढच्या वेळी ती दोघींना घेऊन आली. शाळेतली एक बाई आली, औरादहून येऊन बाजारात बांगड्या विकणारी आली. टेबलावर पालथ्या झोपल्या की त्या बोलत. दुखणं कधीपासूनचं, ते सांगत. बहुतेकींना आठवायचंच नाही.

आणि एक दिवस अण्णा आला.

अण्णा लॉरी चालवतो, पुणे-हैदराबाद. लॉरी हायवेला लावून तो हातात पाना घेऊनच गल्लीत शिरला होता. आत एक बाई टेबलावर होती म्हणून मी दार ओढून बाहेर आले.

“धाब्यावर लोक हसायलेत मला,” तो म्हणाला. “तुझ्या बहिणीच्या दुकानात जाऊन यावं म्हणायलेत.”

“मग त्यांच्या थोबाडीत मार की. माझ्याकडं कामून आलास?”

“उलटं बोलायलीस?”

त्यानं पान्यानं पाटीचे नट सैल केले, पाटी उपटली आणि गटारात टाकली. गिरणीवर रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी ते पाहिलं. रांग पुढं सरकली. आतली बाई घाबरून साडी गुंडाळत बाहेर आली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. त्या बाईचं जाणं मला पाटीपेक्षा जास्त लागलं. अण्णा गेल्यावर मी पाटी गटारातून काढली, धुतली आणि गिरणीवाल्या अप्पांची शिडी मागून परत लावली. शिडी डगमगत होती, नट बसता बसेना. अप्पांनी मग शिडी धरली. तो शब्द काढा असं ते पुन्हा म्हणाले नाहीत.

उन्हाळा लागायच्या सुमाराला वैनीचा, म्हणजे अण्णाच्या बायकोचा फोन आला. “वन्सं, ह्यांची कंबर धरलीय. लॉरीतनं दोघांनी उचलून उतरवलं. तुम्हाला बोलवायलेत.”

“अण्णा बोलवायलाय? मला?”

“व्हय.”

जायचं नाही असं ठरवलं आणि गेले. गावात पोचले तर अण्णा ओसरीतल्या बाजेवर एका कुशीवर पडलेला. जे विचारायचंच असतं ते मी आधी विचारलं : पाय बधिर झाला का, मुंग्या येतात का, लघवीला त्रास आहे का? तसं काही नव्हतं. पाठ आखडली होती, एवढंच. लॉरीतलं बसणं आणि अंगाचं वजन.

“जरा चोळ की,” तो भिंतीकडं बघत म्हणाला.

तेवढ्यात वैनीनं चहा आणला. तिनं कप डाव्या हातानं पुढं केला. वैनी डावखुरी नाही. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता.

“हाताला काय झालं, वैनी?”

“काय न्हाई. खांदा जरा धरलाय.”

“वर करा बघू.”

तिनं हात उचलला. छातीच्या वर तो जाईना. मागं तर नेताच येईना. वेणी शेजारीण घालून देते, ब्लाऊजचे हुक लावताना रडू येतं, हे तिनं हळू आवाजात सांगितलं. दिवाळीपासून. कुणाला दाखवलं नव्हतं.

“अन् ह्याचे पाय? ते कोण चेपतं?”

वैनीच्या आधी अण्णा म्हणाला, “तीच चेपती. रोजचंच हाय ते. तू माझं बघ आधी.”

दिवाळीपासून ही बाई त्या हातानं, त्या खांद्यानं, रोज संध्याकाळी ह्याच्या पोटऱ्या दाबत होती, आणि ह्याला तिचं कण्हणं ऐकू आलं नव्हतं. की आलं होतं? दोन्हीतलं काय जास्त वाईट, मला ठरवता येईना.

“वैनी, बसा हितं,” मी म्हणाले. त्याच्या बाजेसमोर पोतं अंथरलं. चुलीवर पाणी ठेवलं.

“मी मरायलोय अन् तू तिला...”

“मरत न्हाईस तू. कंबर धरल्यानं कुणी मरत न्हाई. आईनं सगळा जन्म काढला.”

तो शिव्या द्यायला लागला. त्यानं दिल्या तशा मी ऐकल्या. वैनी उठायला बघत होती, मी तिला खांद्याला नव्हे, कंबरेला धरून बसवलं. गरम फडकं ठेवलं, निवलं की बदललं. मग तेल. आखडलेला खांदा ओढायचा नसतो. ओढला की तो अजून घट्ट होतो. जिथपर्यंत जातो तिथपर्यंत न्यायचा, थांबायचं, परत आणायचा. वैनी दात खाऊन सोसत होती. मी म्हणाले, “ओरडा की.” ती हळूच “आई गं” म्हणाली, आणि मग जोरात म्हणाली. शेजारच्या दारातून दोघी डोकावल्या.

सगळं करून झाल्यावर मी अण्णाकडं वळले. त्याच्या कंबरेला शेक दिला, उशी पायांमध्ये कशी ठेवायची ते दाखवलं. हात लावला नाही. खरं सांगते, त्या दिवशी त्या रागात मी त्याच्या पाठीवर हात ठेवला असता तर त्यात औषध नसतं. तो आठवड्याभरात आपोआप चालता झाला आणि परत लॉरीवर गेला. आमचं बोलणं आजही बंद आहे.

वैनी मात्र यायला लागली. दर बुधवारी, बसनं. अण्णाला तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. हात आता कानापर्यंत जातो. त्याच्या वर अजून नाही.

मागच्या बुधवारी ती टेबलावरच झोपून गेली. बाहेर दोघी थांबल्या होत्या. त्यांना मी म्हणाले, थांबा. बाई झोपलीय. त्या बाकावर सरकून बसल्या.

जागी झाली तशी ती दचकून उठली. “वन्सं, किती वाजले? भाकरी टाकायची हाय.”

मग चप्पल शोधता शोधता म्हणाली, “काल हे म्हणले, पाय चेप. मी म्हणलं, हात दुखायलाय.”

“मग?”

“मग काय. उठून बाहेर गेले.”

एवढं बोलून ती डोक्यावर पदर घेत बसस्टँडकडं पळत सुटली. भाकरीसाठी. मी दारात उभी राहून तिला पळताना बघत होते, आणि मला परत राग आला.