घड्याळजीला मारायचं नाही

बारकी माझी सख्खी धाकटी बहीण. तिच्यासारखी लिहिणारी दुसरी कुणी असेल तर आणून दाखवा, मी मिशी उतरवतो. शिक्षण आम्हा दोघांचंही बेताचंच. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते आणि संध्याकाळी साप्ताहिकासाठी गोष्ट लिहिते. आठवड्याला एक भाग. असे चाळीस झाले. लोक साप्ताहिक मागच्या बाजूने उघडतात, कारण बारकी शेवटच्या पानावर असते.

गोष्ट तिघांची. एक शिक्षिका, एक डॉक्टर आणि एक घड्याळजी. शिक्षिका आधी घड्याळजीची, मग हळूहळू डॉक्टरकडे कललेली. एकच भाग उरला होता आणि लग्न डॉक्टरशीच लागणार हे शेंबड्या पोरालाही कळलं होतं. प्रश्न एवढाच, की घड्याळजीचं करायचं काय.

संपादकांनी तोडगा काढला: ट्रकखाली घाला. शिक्षिका चार आसवं गाळेल आणि बोहल्यावर चढायला मोकळी.

बारकी घरी आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, सगळ्या गोष्टींत हे असंच. तिसरा माणूस एकतर मरतो, नाहीतर परदेशी जातो, नाहीतर एकाएकी दारुडा निघतो, म्हणजे त्याला सोडल्याचं कुणाला वाईट वाटायला नको. फारच दया आली तर नायिकेची मैत्रीण त्याच्या गळ्यात बांधून टाकतात. पण समोर बसून, आपलं संपलं, असं कुणी कुणाला सांगत नाही. तिला शिक्षिकेच्या तोंडून ते सांगायचं होतं. मुदत बुधवार दुपारची. तोवर काही सुचलं नाही तर ट्रक संपादक स्वतः आणणार होते, आणि वर नाव बारकीचं छापणार होते.

तिची लिहायची एक रीत आहे. मी अंगणात सायकलींची चाकं सरळ करत बसतो, ती समोर स्टुलावर बसते आणि समोरच्या माणसाचं बोलणं मला बोलायला लावते. मी आजवर सासू झालोय, मुख्याध्यापिका झालोय, आणि झालोय ते झकास झालोय. सोमवारी संध्याकाळी मी घड्याळजी होतो. बारकी शिक्षिका. तिने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

"दादा, वाक्यच येत नाहीये," ती म्हणाली. "मला कधी कुणी बोललंच नाही ना ते."

तीन वर्षांपूर्वीचं प्रकरण घरात सगळ्यांना ठाऊक. रंगाच्या दुकानातला एक जण दोन वर्षं तिच्याबरोबर फिरला आणि एक दिवस यायचाच बंद झाला. ना भांडण, ना निरोप. त्याचं लग्न झाल्याचं तिला एका गिऱ्हाइकाने सांगितलं, नाकावर नवा चष्मा चढवता चढवता. मी त्याची तंगडी मोडायला निघालोच होतो. आईने माझ्या चपला लपवल्या, म्हणून तो आज चालतोय.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बारकी वही घेऊन थेट त्या दुकानात गेली. पुढचं सगळं तिनेच मला सांगितलं. तो एका गिऱ्हाइकासाठी रंग कालवत होता. हिला बघून त्याचा चेहरा पांढराफटक. हिने आधीच सांगून टाकलं की भांडायला आलेली नाही; गोष्टीत एक वाक्य अडलंय आणि ते त्याच्याकडे आहे.

त्याने आधी घरच्यांचं सांगितलं, मग परिस्थितीचं, मग मोठ्या काकांचं. बारकीने त्यातलं अक्षरही लिहिलं नाही. शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं, तुला आपोआप समजेल."

"समजलं की. पण सांगायचं काम तुझं होतं. आता सांग."

डब्यात काठी फिरवत, मान खाली घालून तो बोलला. "मला ती जास्त आवडली. तुझ्यात काही कमी नव्हतं. तू रडशील आणि ते मला बघावं लागेल, म्हणून आलो नाही."

"सावकाश. लिहून घेतेय."

मग तिने स्वतःचा एकच प्रश्न विचारला: कधीपासून? त्याने महिना सांगितला. त्याच महिन्यात बारकी आणि तो लग्नानंतरच्या घरासाठी पडद्याचं कापड बघत फिरले होते. बारकीचं पेन जरा थांबलं. मग तिने महिनाही लिहिला, वही मिटली आणि डब्यात डोकावून म्हणाली, "निळा जास्त पडलाय." आणि निघाली.

संध्याकाळी मी पुन्हा घड्याळजी. या खेपेला बारकीने सगळं एका दमात माझ्या तोंडावर सांगितलं, न अडखळता. आता घड्याळजीने विचारायचं होतं, कधीपासून? मी पठ्ठ्या शंभर माणसांपुढे बोललेला, पण तो एक शब्द हातातल्या चाकाकडे बघत कसाबसा विचारला. चाकाची तारही नीट दिसेना. ती म्हणाली, "असंच. अगदी असंच विचारेल तो." आणि तिथेच स्टुलावर भाग लिहून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मोटारसायकलवरून कचेरीत नेलं. संपादकांनी पानं उभ्या उभ्या वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली. म्हणाले, "ताई, निदान खोकला तरी लावू या त्याला."

"खोकलासुद्धा नाही, साहेब. धडधाकट आहे तो. दुकान उघडेल वेळेवर."

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पानं छपाईवाल्याकडे सरकवली आणि एक अक्षर इकडचं तिकडे करू नको म्हणून त्याला बजावलं.

बारकी माझ्या पाठीवर थाप मारून जिना उतरायला लागली. "चल दादा, दुकानात सहा फ्रेमा पडल्यात."