आम्ही फार लांब आहोत

पोळ्याला आबांनी येऊ दिलं नाही. "बठ्ठा रस्ता खोदेल शे, येऊ नको भाऊ," फोनवर म्हणाले. दसऱ्यालाही तेच. आई गेल्यापासून आबा शिरपूरकडच्या गावात एकटेच असतात. ते धड आहेत की नाहीत, एवढंच मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पण रस्ताच नाही म्हटल्यावर काय करणार!

मी जळगावात, इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत राउटर सांभाळतो. आमच्या लाइनी दोन. भुसावळकडची दणकट, धुळ्याकडची मरतुकडी. आपल्याकडून जाणाऱ्या डेटाला कुठली वाट पसंत, ते आपण ठरवतो. भुसावळला पसंतीचा मोठा आकडा दिला की विषय संपला. येणारा डेटा मात्र धुळ्यावरूनच घुसत होता. साहेब तणतणले, "अरे, पसंती भुसावळला दिलीय ना?" दिलीय हो! पण ती जाणाऱ्याची. येणारा कुठून येईल ते पाठवणारा ठरवतो, तिथे आपलं काही चालत नाही.

मग एक लबाडी करतात. प्रत्येक नेटवर्कला नंबर असतो, आणि ज्या वाटेवर असे कमी नंबर लागतात, ती वाट जवळची धरतात. धुळ्याच्या वाटेवर आमचाच नंबर मी तीनदा लिहिला. म्हणजे जगाला सांगितलं, इकडून आम्ही फार लांब आहोत, येऊ नका. चहा संपायच्या आत बहुतेक वर्दळ भुसावळकडे वळली. एकाही राउटरने खातरजमा केली नाही. बिनडोक लेकाचे, सांगितलं की ऐकतात!

तेवढ्यात आबांचा फोन आला. दिवाळीचं विचारलं, तर म्हणाले, "रस्ता अजून तसाच शे. नको येऊ."

फोन ठेवला आणि मी चरकलो. साहेबांना सांगून तडक मोटारसायकल काढली. चोपडा मागे पडलं, शिरपूर मागे पडलं. फाट्यापासून गावापर्यंत काळंकुळकुळीत नवं डांबर, औषधालासुद्धा खड्डा नाही. आबांचा असा राग आला म्हणता! काय काय बोलायचं ते मनाशी जुळवतच गावात शिरलो.

दुपारचं लख्ख ऊन होतं. आबा ओट्यावर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. मी जाऊन अगदी हातभर अंतरावर उभा राहिलो. त्यांनी थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन शे?"