सरांनी आपल्या नावावर घेतलेली बातमी

मधुकर शिर्सेकर यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या पहिल्याच मथळ्यावर मारलेल्या फुलीने. मुलुंडहून आलेली मी आमच्या दैनिकाच्या परदेश पानावर नुकतीच रुजू झाले होते. ‘वॉशिंग्टनने तेहरानला ठणकावले’ असे मी झोकात लिहिले. सरांनी चष्मा कपाळावर नेला आणि विचारले, “शहरं कधी बोलतात का गं? कोण बोललं, कुणाला बोललं, ते लिही.” मला रागच आला. मथळ्यात इतकी नावे मावतात कुठे? पण ती मावतात, हे पुढे मी त्यांच्याकडेच शिकले.

अमेरिका आणि इराण यांच्यातले वितुष्ट हा सरांचा आयुष्यभराचा विषय. या दोन्ही देशांत मात्र ते कधी गेले नाहीत. त्यांच्या टेबलावर कागदांचे दोन ढीग असत. डावीकडे अमेरिकी वृत्तसंस्थांचा मजकूर, उजवीकडे इराणी. दोन्ही ढिगांत सापडेल ती बातमी. एकाच ढिगात असेल ते नुसते ‘म्हणणे’, आणि म्हणणे छापायचे तर ते कुणाचे हे सांगून. सरांना लग्नपत्रिका आली तर ते मुलीकडच्यांना फोन करून खात्री करतील, अशी आम्ही त्यांच्या पाठीमागे थट्टा करायचो. ती त्यांच्या कानावर गेली, तेव्हा ते म्हणाले, “करीनच.”

त्यांचा आणखी एक नेम होता. आखातातल्या जहाजांवर आपल्या कोकणातली मुले नोकरीला असतात, आणि त्यांची घरे बोरिवली-कांदिवलीकडे, खुद्द सरांच्या चारकोपमध्येही पुष्कळ. तिकडे एखादे जहाज अडवले गेले आणि त्यावर आपल्याकडचा कुणी असला, तर पान छपाईला जाण्याआधी सर त्याच्या घरी जात. घरच्यांना पेपर वाचून कळता कामा नये, असे ते म्हणत.

एकदा इराणी नौदलाने एक तेलवाहू जहाज ताब्यात घेतले. त्यावर इंजिनाच्या कामावर असलेला संदीप राणे हा सरांच्या घरापासून दोन इमारती पलीकडचा. त्याच्या विधवा आईकडे सर मलाही घेऊन गेले. राणेकाकूंनी सगळे शांतपणे ऐकले आणि एवढेच मागितले, की खरे काय ते तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणाचे मी ऐकणार नाही. सरांनी शब्द दिला.

आठवड्याभराने संध्याकाळी डावीकडच्या ढिगात चार ओळी आल्या, की खलाशांची सुटका झाली. सर बैठकीला गेले होते. उजवीकडे काहीच नव्हते. मला धीर धरवला नाही. मी काकूंना फोन लावला आणि म्हटले, “सरांनी कळवायला सांगितलंय, संदीप सुटला.” सरांनी असे काहीही सांगितले नव्हते. काकूंनी नारळ फोडला, मजल्या-मजल्यावर पेढे वाटले. सकाळी कळले, की सुटलेले खलाशी दुसऱ्याच जहाजावरचे होते.

मी सरांना त्या फोनचे सांगितले. ते चपला घालून निघाले. मी जिन्यापर्यंत मागे गेले, तर म्हणाले, “तू नको येऊस. तुला अजून बरीच वर्षं लोकांच्या घरी जायचंय.” काकूंना त्यांनी सांगितले, की चूक त्यांची स्वतःचीच. मी गप्प राहिले. भित्री होते, दुसरे कारण नाही.

संदीप चार महिन्यांनी सुखरूप परतला. तोवर सर रोज संध्याकाळी त्या दारात उभे राहून, नवे काही नसेल तर तसेही, सांगून येत. काकू ऐकून घेत. आत या, असे कधी म्हणाल्या नाहीत. मुलगा आल्यावर पूजा झाली, सगळ्या इमारतीला बोलावणे गेले, सरांना नाही. सरांनी खोटी आशा लावली, ही गोष्ट हळूहळू आसपास पसरली. पुढे आखातात काही झाले, तर तिथली माणसे सरांना विचारीनाशी झाली. ज्याचा शब्द घराघरांत चालायचा, तो माणूस आपल्याच वस्तीत परका झाला. नंतर परदेश पान बंद झाले, सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नीही वारल्या. अलीकडे अमेरिका-इराणचे पुन्हा पेटले तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते. दोन्हीकडच्या बातम्या लावून ते वहीत टिपणे काढत होते. कुणासाठी, असे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवशी माझ्याशिवाय त्यांच्याकडे कुणी आले नव्हते, आणि त्याआधी किती दिवस आले नव्हते, हेही त्यांनी सांगितले नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी लेख मागितला गेला, तेव्हा त्यांच्या सचोटीवर चार पाने लिहून मोकळे होणे सोपे होते. तसे न करता मी गेल्या आठवड्यात राणेकाकूंकडे गेले आणि तो फोन माझा होता, सरांना त्यातले काही ठाऊक नव्हते, हे सांगितले.  काकू म्हणाल्या, “इतकी वर्सां मी त्यांका पाठ दाखवलंय.” मला त्यांनी एका शब्दाने दुखावले नाही. उठता उठता विचारले, “एकटेच रवतत मां ते? जेवणाचा काय करतत?”

सर, तुम्हाला न विचारता मी हे छापते आहे, आणि या वेळी माहिती दोन्ही बाजूंची आहे, माझी आणि काकूंची. तुमची प्रकृती उत्तम राहो, शंभरी तुम्ही आरामात गाठा. पण ती वर्षे तुमची स्वतःची असू देत. माझी चूक तुम्ही पुष्कळ वर्षे वागवलीत. ती मी आज परत घेतली आहे.