रिकामी नळी

मातीतले जिवाणू मोजताना आमच्या प्रयोगशाळेत मातीच्या नळ्यांबरोबर एक रिकामी नळीही ठेवतात. तिच्यात माती नसते, पण बाकीचे सगळे सोपस्कार तिच्यावरही होतात. आणि इतकी काळजी घेऊनही तिच्यात काही ना काही निघतंच. ते आमचं असतं, बोटांवरचं, श्वासातलं. मग आकडेमोडीत तेवढं सगळ्या नमुन्यांतून वगळायचं. जग बघायचं तर आधी स्वतःला वजा करावं, ही रीत मला आवडते.

काल संगणकाच्या पडद्याकडे बघत माझी विद्यार्थिनी वैशाली म्हणाली, "मॅडम, हा कातडीवरचा जिवाणू. रिकाम्या नळीतही आहे, मातीतही आहे. काढू ना?"

"काढ," म्हटलं मी. नियमच आहे तसा.

ती माती कांद्याच्या वाफ्यातली होती. आम्ही हातमोजे चढवून ती उचलत होतो, तेव्हा शेजारी बायका ओणव्याने रोपं लावत होत्या, उघड्या हातांनी, मनगटापर्यंत चिखलात. त्यांच्या हातांचं जे काही त्या मातीत उतरलं असेल, तेही आमचंच समजून वगळलं गेलं.

जिवाणूंचा तक्ता आता स्वच्छ दिसतो. त्याच्यावरून पाहिलं तर त्या वाफ्याला कधी कुणाचा हात लागलेलाच नाही.